साहेबाचं नाक

‘सदर कामगाराच्या तोंडास दारूचा उग्र वास येत होता, डोळे लाल होते, बोलणे असंबद्ध होते व चाल अडखळत होती.’

हे वाक्य माझ्या हातून सतरा चार्जशीटांवर गेलं. लिहिलं मात्र एकदाच. पुढच्या सोळा वेळा टायपिस्टनं फक्त नाव आणि तिकीट नंबर बदलला. प्रेस शॉपचा ऑपरेटर असो, कॅन्टीनचा पोऱ्या असो की फोर्कलिफ्टवरचा ड्रायव्हर, सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांची चाल अडखळती आणि वास दरवेळी उग्रच. बावीस वर्षांच्या नोकरीत मंद वासाचा कामगार मला एकदाही भेटला नाही.

मी एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही; तुमच्या जवळच्या एमआयडीसीतलाच समजा, फारसं चुकणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं पाचशे कामगार झाले की कल्याण अधिकारी नेमायला लावला होता, आणि नियमांनी त्याला बजावलं होतं की बाबा रे, कामगारांवरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात तू पडायचं नाहीस. म्हणजे कागदावर मी कामगारांचा माणूस. प्रत्यक्षात पर्सनल मॅनेजर केबिनमधून हाक मारायचे, “अहो, एक पिऊन आलाय, जरा कागद करा,” आणि मी कागद करायचो. यात नेमकं कुणाचं कल्याण चाललंय हे विचारायची सोय नव्हती, असं आता म्हणता येईल. पण मी कधी विचारून पाहिलंच नाही, हे त्याहून खरं.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण एक परिसंवाद. हॉटेलात होता, विषय ‘नशामुक्त कार्यस्थळ’. जुनी खोडं म्हणून आम्हा दोघा-तिघांना बोलावलं होतं. एका तरुण एचआर प्रमुखानं पडद्यावर नवं धोरण दाखवलं. सुपरवायझरला ‘वाजवी संशय’ आला की कामगाराच्या श्वासाची आणि लघवीची तपासणी. नकार दिला तर नकार हाच गुन्हा. मी विचारलं, वाजवी म्हणजे काय? तो गोड हसून म्हणाला, “सर, एक्सपीरियन्स्ड सुपरवायझरला ते कळतंच.” टाळ्या पडल्या. परिसंवादाचा खर्च तपासणीची किट विकणाऱ्या एका कंपनीनं उचलला होता, आणि निमंत्रणपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत ‘कॉकटेल्स व डिनर’ असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं. साडेआठला सगळे अनुभवी लोक तिकडे वळले. अकराच्या सुमारास त्यातले बरेचसे आपापल्या गाड्या स्वतः चालवत घरी गेले. कुणाचे डोळे लाल नव्हते. असतील तरी ते बघायला तिथं सुपरवायझर नव्हता.

अनुभवी सुपरवायझरला काय कळतं, ते मी पाहिलंय. हीट ट्रीटमेंटचा एक फिटर होता, पन्नाशीला आलेला. सेकंड शिफ्ट संपली, बदली माणूस आला नाही, म्हणून त्याला थर्डलाही थांबवला. पहाटे साडेचारला भट्टीपाशी तो झुलायला लागला. घामानं निथळत होता, विचारलं एक तर सांगत होता भलतंच. सुपरवायझरनं लांबूनच निदान केलं, “टाकून आलाय.” चौदा तास गेटच्या आत असलेला माणूस टाकून येणार कुठून, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. त्याला वॉचमनच्या केबिनमध्ये बसवून ठेवलं. माणूस डायबिटीसचा. गोळी वेळेवर घेतली होती, डबा मात्र एकाच शिफ्टपुरता आणलेला. साखर उतरली की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो. जीभ जड होते, पाय लटपटतात, कधी कधी तर तो अंगावरही धावून जातो. हे गावातला कंपाउंडरही सांगेल. सकाळचा चहा घेऊन आलेल्या कॅन्टीनच्या पोऱ्याला दया आली, त्यानं त्याला दोन कप गोड चहा पाजला. वीस मिनिटांत ‘दारू’ उतरली.

पाचशे कामगारांच्या वर गेलं की कायद्यानं कारखान्यात अँब्युलन्स रूमही लागायची. आमची वॉचमनच्या केबिनपासून चाळीस पावलांवर होती. आत साखर मोजायचं यंत्र होतं. त्याच्या इंडेंटवर सही माझीच.

चौकशी रीतसर झाली. युनियनचा प्रतिनिधी फार शिकलेला नव्हता, पण प्रश्न विचारायची त्याची रीत बघून मला घाम फुटला.

“साहेब, तुम्ही याच्यापासून किती लांब उभे होता?”

“असेन आठ-दहा फुटांवर.”

“भट्टी चालू होती?”

“होती.”

“क्वेंचिंग ऑइलचा धूर होता?”

“तो असतोच.”

“आणि त्या टायमाला तुमच्या तोंडात काय होतं?”

सुपरवायझर गप्प. राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा त्याच्या गालफडात तिन्ही शिफ्टला असतो, हे सगळ्या शॉपला ठाऊक होतं. दहा फुटांवरून, तेलाच्या धुरातून, स्वतःच्या गुटख्याच्या घमघमाटापलीकडून त्याला दुसऱ्याच्या तोंडाचा वास आला होता, आणि तोही उग्र. चौकशी अधिकाऱ्यानं तो प्रश्न ‘असंबद्ध’ म्हणून वगळला. चार्जशीटमधलाच शब्द, फक्त दुसरीकडे चिकटवलेला. फिटर बडतर्फ झाला नाही. नऊ महिने निर्वाह भत्त्यावर घरी बसला, मग ‘सन्मानानं’ काही रक्कम घेऊन गेला. गल्लीत मात्र तो शेवटपर्यंत पिऊन नोकरी घालवलेलाच राहिला.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण आमच्या लोकांना वाटतं नाक हाच कायदा. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं बच्चूभाई हसनअली कारियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या एका मोटारचालकाच्या खटल्यात सरळ सांगितलं, की नुसता तोंडाचा वास, चाल, बोलणं आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून माणूस दारू प्यायला होता असा पक्का निष्कर्ष निघत नाही; रक्ताची किंवा लघवीची तपासणी करून घ्यायला हवी होती. म्हणजे माझं ते लाडकं वाक्य माझ्या नोकरीच्या कितीतरी आधीच न्यायालयानं मोडीत काढलं होतं. आमच्या कंपनीच्या वकिलांना हा निवाडा पाठ होता. ते म्हणायचे, तो फौजदारी मामला. खात्यांतर्गत चौकशीत शक्यतांचं पारडं जरा झुकलं तरी पुरतं. पुरू दे की. पण पारडं झुकायला त्यात काहीतरी टाकावं लागतं ना? आम्ही एका बाजूला माणसाची वीस वर्षांची नोकरी ठेवायचो आणि दुसऱ्या बाजूला एक नाक. तरी पारडं नाकाकडेच झुकायचं.

याच महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे रक्ततपासणीचे नियम आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांना माझा साष्टांग नमस्कार. रक्त नोंदणीकृत डॉक्टरनंच काढायचं, सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची, कातडी पुसताना स्पिरिट वापरायचं नाही, कारण पुसलेलं स्पिरिटच नळीत उतरलं तर बिचारा सोवळ्यातला ब्राह्मणसुद्धा दारुड्या ठरेल. रक्त घ्यायचं ते निदान पाच सीसी. रस्त्यावरच्या हवालदारालासुद्धा मोटार वाहन कायद्यानं बांधून ठेवलंय. त्याला संशयाला सबळ कारण हवं, हातात यंत्र हवं, आणि आकडा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर हवा. म्हणजे मध्यरात्री मोटार चालवणाऱ्या बिल्डरच्या पोराला जेवढं संरक्षण, तेवढंही लेथवर उभ्या असलेल्या माणसाला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कायदा बदलला, नाक तेच आहे.

मुळात वास येतो कधी? माझी सतरा प्रकरणं मी निवृत्तीनंतर एका कागदावर मांडली. त्यातली अकरा पगारवाढीच्या कराराआधीच्या सहा-सहा महिन्यांत पडतात. तीन माणसं २४० दिवस भरत आलेली, कॉन्ट्रॅक्टची. एक जण पीएफच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेला होता. उरलेल्या दोघांविषयी मी काही बोलणार नाही, ते खरंच पीत असावेत. सांगायचं ते एवढंच की आमच्या कारखान्यात वास तोंडाला यायचा नाही, वास कॅलेंडरला यायचा. पेंट शॉपमध्ये थिनरच्या वाफेनं दिवसभर डोकं गरगरायचं, पोरं संध्याकाळी खरोखर झुलत बाहेर पडायची, तेव्हा कुणाला संशय आला नाही. कारण तिथं संशय घ्यायचा म्हणजे एक्झॉस्ट पंखे दुरुस्त करणं आलं.

“म्हणूनच तर यंत्रं आणलीत ना,” असं तो एचआर प्रमुख म्हणाला होता. यंत्र नाकापेक्षा बरं, हे मीही मानतो. पण यंत्रालाही हातात धरणारा माणूस लागतो. २०२५ च्या जुलैत केरळ राज्य परिवहनाच्या पंदळम आगारात चालकांनी फुंकर मारली आणि यंत्रानं त्यांना प्यायलेले ठरवलं. चालक शपथा घेऊ लागले. शेवटी उलगडा झाला की आगारात कुणीतरी घरचा पिकलेला फणस आणला होता आणि सगळ्यांनी गरे खाल्ले होते. मग शून्य आलेल्या एकाला मुद्दाम गरे खायला देऊन पुन्हा फुंकायला लावलं, तर आकडा वर. कोकणातल्या वाचकाला हे सांगायलाच नको. बरक्या फणसाला जरा जास्त पिकू द्या, तो स्वतःच दारू गाळायला लागतो. जून महिन्यात कणकवली आगारातल्या चालकाला कुणी काही न विचारता सस्पेंड केलं, तर त्या अधिकाऱ्याला फणस फोडायला बसवलं पाहिजे. तोंडात राहिलेला अल्कोहोलचा अंश पंधरा मिनिटांत उडून जातो. पाण्यानं चूळ भरायला लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा फुंकायला सांगा. पण थांबायचं म्हटलं की संशयाची मजाच जाते. माणूस सगळ्यांसमोर पकडला गेला पाहिजे, हेच त्यातलं खरं सुख.

लघवीच्या बाटलीचं तर विचारूच नका. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्याच्या कित्येक आठवडे. तो माणूस आत्ता मशीनवर शुद्धीत उभा आहे की नाही, हे त्या पट्टीला सांगता येत नाही. खोकल्याच्या औषधातलं कोडीन अफूच्या पट्टीवर उमटतं. आणि ही सगळी तपासणी कुठे, तर एमआयडीसीत. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं, तेच ते एमडी. त्याही गेटवर कुणी वॉचमन आत जाणाऱ्या कामगारांचे डबे उघडून बघतच असेल. माल ट्रकनं बाहेर जातो, झडती डब्याची होते.

अमेरिका काही कामगारांचं माहेर नव्हे, तरी तिथलं एक सांगतो. ४ जानेवारी १९८७ ला मेरीलँडमधल्या चेस इथं रेल्वेचा अपघात होऊन सोळा जण मेले. इंजिन चालवणाऱ्यांच्या अंगात गांजाचा अंश सापडला. त्यानंतर कडक कायदे झाले. पण ट्रक-बसचालकांसाठी जे नियम केले ते वाचण्यासारखे आहेत. सुपरवायझरला आधी दोन तासांचं प्रशिक्षण, एक तास दारूचा, एक तास ड्रग्जचा. संशयाला कारण हवं ते त्या वेळी, त्या माणसाच्या दिसण्यात, वागण्यात, बोलण्यात किंवा अंगाच्या वासात प्रत्यक्ष दिसलेलं, शब्दांत सांगता येण्यासारखं. ज्यानं संशय घेतला त्यानं दारूची चाचणी घ्यायची नाही. दोन तासांत ती झाली नाही तर का झाली नाही ते लिहायचं. आठ तास गेले की प्रयत्न सोडून द्यायचा. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे, काय पाहिलं ते चोवीस तासांच्या आत, आणि चाचणीचा निकाल हातात पडण्याआधी लिहून सही करायची. निकाल बघून आठवणी रंगवायची सोय नाही. आमच्याकडे पाहणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्यानं पाहिलेलं काहीच नसायचं. लिहिणारा मी.

आणि तपासणी करायचीच असेल तर जिन्यानं वरही चढा. विमानवाल्यांचं मला या एका बाबतीत कौतुक आहे. उड्डाणाआधी बारा तास थेंब नाही, यंत्रावर आकडा शून्य, पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. २०१८ साली एअर इंडियाचा चक्क संचालकपदावरचा वैमानिक लंडनच्या विमानाआधी फुंकरीत सापडला आणि त्याचं लायसन्स तीन वर्षांसाठी गेलं. आमच्याकडे यंत्र कामगारांच्या गेटवर. मॅनेजरांच्या गेटवर सलाम. शुक्रवारी दुपारी व्हेंडरबरोबर ‘लंच’ करून साडेचारला परतणाऱ्या साहेबांनी क्रेनच्या दुरुस्तीच्या परमिटवर सह्या केलेल्या मी पाहिल्यात. त्यांच्या तोंडाला वास नसतो, त्यांच्या तोंडाला वेलची असते.

कुणी म्हणेल, म्हातारा दारुड्यांची वकिली करतोय. करत नाही. प्रेसवर प्यायलेला माणूस उभा करणं म्हणजे त्याची बोटं आपणच कापणं, आणि क्रेनवर बसवणं म्हणजे खालच्या चौघांचा जीव. म्हणूनच ही दुसरी गोष्ट सांगतो, जी मला पहिलीपेक्षा जास्त छळते. प्रेस शॉपचा एक ऑपरेटर, हात सोन्याचा, युनियनच्या भानगडीत नाही, वरिष्ठांचा लाडका. एका दिवशी तो खरंच टाकून आला. सगळ्यांना कळलं. त्याच सुपरवायझरनं या वेळी काही लिहिलं नाही. ‘घरी जा, झोप काढ’ म्हणून त्याला हाफ डेचा गेटपास दिला. वॉचमननं गेट उघडलं आणि तो स्वतःच्या मोटारसायकलवर बसून गेला. दीड किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कंपनीच्या रजिस्टरात नोंद आहे, ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे अर्धी रजा’. जिथं संशय नव्हे, खात्री होती, तिथं ना डॉक्टर, ना यंत्र, ना त्याला घरी सोडायला जीप. गेटबाहेर गेला की तो आमचा नव्हता.

आणि यंत्रांवर फार भरवसा ठेवणाऱ्यांनी २५ जानेवारी २०१२ आठवावी. स्वारगेटहून एका चालकानं एसटी पळवली आणि पुण्याच्या रस्त्यांवर नऊ माणसं चिरडली. तो प्यायलेला नव्हता. त्यानं ड्यूटी बदलून मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, एवढं बाहेर आलं. त्याला त्या सकाळी फुंकायला लावलं असतं तर आकडा शून्य आला असता आणि कुणीतरी ‘फिट’ असा शिक्का मारला असता. माणूस कामाला ठीक आहे का, हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. तोंडाकडे बघावं लागतं, आणि तेही वास घेण्यासाठी नव्हे. पण त्या प्रश्नाची उत्तरं गैरसोयीची येतात. सोळा तास उभा आहे साहेब. पोरगी दवाखान्यात आहे साहेब. डबा संपलाय साहेब.

तर आता पर्सनल खात्यात बसलेल्या, माझ्या खुर्चीवर आलेल्या पोरांना एक सांगणं. उद्या असा कागद टेबलावर आला तर आधी ‘उग्र’ हा शब्द खोडा. मग सुपरवायझरला विचारा, किती फुटांवरून, किती वाजता, तुमच्याबरोबर आणखी कुणी पाहिलं आणि डॉक्टरला कधी बोलावलंत. माणसाची साखर मोजलीत का, तेही विचारा. त्याला घरी कुणी सोडलं, हेही. धड उत्तर आलं नाही तर सही करू नका. फार तर बढती एक वर्ष लांबेल. माझ्या सतरा फायली अजून त्या रेकॉर्ड रूममध्ये असतील. त्यातल्या एकीलाही रक्ताच्या तपासणीचा कागद जोडलेला नाही.